एमएफआय सारखाच, मग एलएलडीचा बबल का डुलतो? लांब फांद्यांचे रेणू आणि त्यांचं वाहणं

कुपवाडचा दाणेवाला

मंडळी नमस्कार. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत ब्लोन फिल्मची, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक फुग्यासारखं (बबल) फुगवून पातळ फिल्म काढायची, जी छोटी युनिटं आहेत त्यांच्याकडं दाण्याच्या (प्लास्टिकच्या कच्च्या मालाच्या) कामानं माझं सारखं जाणं-येणं असतं आणि जिथं जाईन तिथं एकच रड ऐकायला मिळते. एलडी (एलडीपीई जातीचं पॉलिथिलीन) चालू होता तोवर बबल ढिम्म हलत नव्हता, एलएलडी (एलएलडीपीई) लावला, त्याचाही एमएफआय, म्हणजे वाहण्याचा आकडा, कागदावर तेवढाच, तरी एअर रिंगच्या (थंड हवा सोडणाऱ्या कड्याच्या) वर फ्रॉस्ट लाइनपाशी (माल गोठतो तिथं) बबल डुलायला लागला, मोटर अँपिअर जास्त घ्यायला लागली, स्पीड वाढवला तर फिल्मला खरखरीत कातडं आलं. आणि मग बोलणी कोण खातं, तर रात्रपाळीचा ऑपरेटर. त्याचा काडीचा दोष नसतो ओ यात. हे बघून लय वाईट वाटतं म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एमएफआय म्हणजे काय ते बघा. दाणा १९० डिग्रीला वितळवायचा, वर २.१६ किलोचं वजन ठेवायचं, खालच्या बारीक भोकातनं १० मिनिटांत किती ग्रॅम माल उतरतो ते मोजायचं. बास. म्हणजे एकाच वजनाखाली, अगदी संथ वाहताना माल कसा वागतो एवढंच कळलं. आपल्या मशीनमध्ये मालावर दोन अगदी वेगळे प्रकार होतात. स्क्रूमध्ये आणि डायच्या (माल बाहेर पडायच्या साच्याच्या) फटीत तो भिंतीला घासत, थरावर थर सरकत जोरात जातो, आणि डायच्या बाहेर आला की भिंत नाहीच, तिथं निप रोल (वरचा ओढायचा रोल) वर ओढतोय आणि आतली हवा बाजूला फुगवतीय, म्हणजे निव्वळ ताणणं. पहिल्याचा एमएफआय थोडासा अंदाज देतो, ताणण्याबद्दल तो अक्षरही बोलत नाही.

आता रेणू. एलडी सापडला १९३३ ला, इंग्लंडात आयसीआयमध्ये, इथिलीन हजारच्या वर अ‍ॅटमॉस्फिअर दाबाखाली घालून. त्या प्रक्रियेत वाढणारी साखळी मधेच दुसऱ्या साखळीच्या अंगातला हायड्रोजन ओढून घेते, मग त्या जागेवरनं नवी साखळी फुटते, तिला आणखी फुटते, फांदीला फांदी. एलएलडी बनतो कमी दाबावर, झिग्लर या शास्त्रज्ञाच्या घराण्यातल्या कॅटॅलिस्टवर (प्रक्रिया घडवणाऱ्या पदार्थावर). कणा सरळ, आणि ब्युटीन, हेक्सीन नाहीतर ऑक्टीन घातल्यामुळं कण्याला २, ४ किंवा ६ कार्बनची छोटी शेपटं. त्यामुळं दोन्हीला पुस्तकात फांद्यांचाच म्हणतात आणि घोटाळा इथंच होतो. छोटी शेपटं स्फटिक नीट बसू देत नाहीत, त्यानं डेन्सिटी उतरते, फिल्म चिवट होते, पण वितळलेल्या मालाच्या वाहण्यावर त्यांचा परिणाम किरकोळ. वाहणं बदलायला फांदी शेजारच्या साखळ्यांत अडकण्याइतकी लांब लागते, पॉलिथिलीनमध्ये ढोबळमानानं शंभर-दोनशे कार्बनच्या पुढं.

सरळ साखळी गर्दीतनं सुटते कशी, तर आपल्याच लांबीच्या दिशेनं सरकत. हे गणित फ्रान्सच्या द जेन यांनी १९७१ ला मांडलं, त्याला रेप्टेशन म्हणतात, त्यांना १९९१ ला फिजिक्सचं नोबेल मिळालं. नुसती लांबी दुप्पट केली तर घट्टपणा दहा पटीच्या वर जातो, हे प्रयोगात दिसलेलं आहे. पण मधे गाठ असून तिला तीन लांब हात असतील तर सरकायचं कसं? काटक्यांच्या ढिगातनं सोललेला वेळू ओढून बघा आणि बाभळीची फांदी ओढून बघा. फांदीवाल्या रेणूला एकेक हात शेंड्यापासनं पार गाठीपर्यंत मागं घ्यावा लागतो आणि मग नव्या वाटेनं पसरावा लागतो, आणि हे आपोआप घडायला लागणारा वेळ हाताच्या लांबीबरोबर पटीत नाही तर घातांकानं वाढतो.

खरी गंमत पुढं आहे. रेणूत दोन गाठी असल्या, दोन्हीकडं हात, तर मधला कण्याचा तुकडा कैदेत पडतो. माल ताणला की हा तुकडा आखडून सुटू शकत नाही, तो ताणला जातो, आणि जितका ताणाल तितका माल घट्ट होत जातो. याला स्ट्रेन हार्डनिंग म्हणतात. लीड्सचे टॉम मॅकलिश आणि मिशिगनचे रोनाल्ड लार्सन यांनी १९९८ मध्ये याचं पॉम-पॉम मॉडेल दिलं. तोच माल घासून ढकलला की पातळ आणि ओढला की घट्ट, हे कोडं त्यातनं सुटलं.

आता बबलवर या. बबलला कुठं जरा पातळ जागा झाली तर ताण तिथंच जास्त पडणार. एलडीत ती जागा ताणली जाताच घट्ट होते, मग शेजारचा जाड भाग ताणला जातो, गेज (जाडी) आपोआप सारखं होतं. एलएलडीत ती जागा घट्ट होतच नाही, ती आणखी पातळ होते, एका बाजूला झोल पडतो आणि बबल डुलतो. आणि स्क्रूमध्ये उलटं, तिथं एलडी जोरात घासला की भराभर पातळ होतो, एलएलडी फारसा होत नाही, म्हणून मोटर ओढत बसते. ऑपरेटरनं एअर रिंग कितीही फिरवली तरी रेणूचा आकार बदलत नाही.

उपाय सगळ्यांना माहीत आहेत तरी लिहितो. एलएलडीत १० ते ३० टक्के एलडी, डायची फट एलडीपेक्षा मोठी, दीड-दोन मिलिमीटर, आणि कातड्यासाठी पीपीए (माल डायमधनं सुळकन सरकवणारं द्रव्य) मास्टरबॅच. माझं मत २० टक्क्यांपासनं सुरू करा. पण एलडी जसा वाढेल तशी एलएलडीची चिवटाई उतरते, डार्ट टेस्ट (फिल्मवर वजन पाडून बघायची) आणि फाटण्याची ताकद दोन्ही, हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. खताच्या पिशवीला फार एलडी घालू नका.

रात्रपाळी

दादा शेवटी कुणीतरी आमची बाजू घेतली, धन्यवाद. एक विचारायचं होतं. एलडी एवढा चांगला तर पातळ फिल्म ओढताना तोच का तुटतो? २० मायक्रॉनच्या आसपास गेलं की एलडीचा बबल वरनं फाटतोय बघा, एलएलडी मात्र निवांत ओढला जातोय, डुलतोय पण तुटत नाही. हे कसं काय?

कुपवाडचा दाणेवाला

अगदी बरोबर पकडलंस. तीच गोष्ट, दुसऱ्या बाजूनं. जो माल ताणला की घट्ट होतो तो एका मर्यादेपलीकडं ताणायला नकार देतो आणि तुटतो. एलएलडी नकार देत नाही. म्हणून तर दोन्ही मिसळायचे.

लाइन बंद करताना एकदा बघ. डायच्या ओठावर साचलेला गोळा पितळी पट्टीनं उचल, पट्टी सावकाश वर घे. एलडीची वादी सगळीकडं सारख्या जाडीची राहते, हाताला रेटा जाणवायला लागतो, आणि पट्टी झटकन ओढलीस तर कट्कन तुटून टोक मागं आखडतं, जाड होतं. एलएलडीची वादी मधेच एका जागी बारीक होते, तिथनं तार निघते, तार लांबत लांबत खाली लोंबते, हाताला काही वजनच लागत नाही. हे एकदा हाताला कळलं की दाणा कुठला आहे ते पोतं न बघता सांगशील. हातमोजे घालूनच कर, २०० डिग्रीचा माल कातडीला चिकटला तर निघत नाही.

कराडची रसायनवाली

लेख आवडला सर, मी बीएस्सीला शिकवते त्यामुळं एक मुद्दा आणते. आमच्या पुस्तकात तर लिहिलेलं असतं की सारख्याच वजनाचा फांद्यांचा रेणू सरळ रेणूपेक्षा द्रावण कमी घट्ट करतो, आणि तुम्ही म्हणताय फांद्यांनी घट्ट होतं. मुलं हमखास इथं अडकतात. माझ्या मते दोन्ही खरं आहे, फक्त गर्दी किती आहे त्यावर आहे. पातळ द्रावणात प्रत्येक रेणू एकटा, तिथं प्रश्न एवढाच की तो किती जागा व्यापतो. फांद्यांचा रेणू आटोपशीर गुंडाळलेला असतो. झिम आणि स्टॉकमायर यांनी १९४९ ला हिशेब केला, तीन सारख्या हातांचा रेणू घेतला तर त्याच्या आकाराचा वर्ग त्याच वजनाच्या सरळ रेणूच्या ७/९ पट, चार हात असतील तर ५/८. म्हणून द्रावण कमी घट्ट. वितळलेल्या मालात मात्र कुणी एकटं नसतं, तिथं कोण किती अडकतं हा प्रश्न, आणि तिथं लांब हातवाला अडकतो. बरोबर ना?

कुपवाडचा दाणेवाला

शंभर टक्के बरोबर ताई. एक जोड देतो, वितळलेल्या मालातसुद्धा हात आखूड असतील, अडकण्याइतके लांब नसतील, तर फांद्यांचा रेणू सरळ रेणूपेक्षा पातळच वाहतो. हात लांब झाले की पारडं उलटतं. म्हणून "फांद्या आहेत" एवढं सांगून काही कळत नाही, किती लांब ते विचारायला पाहिजे.

आणि मुलांना हे पण सांगा की लांब फांदी डोळ्यांनी काय, एनएमआरनं (रेणूची रचना ओळखायच्या यंत्रानं) पण नीट दिसत नाही. ६ कार्बनची आणि ६०० कार्बनची फांदी नेहमीच्या कार्बन एनएमआरवर सारखीच दिसते. दहा हजार कार्बनमागं एखादीच लांब फांदी असली तरी वाहणं बदलतं आणि ते र्‍हिओमीटर (वाहणं मोजायचं यंत्र) पकडतो. या विषयात पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) माशेलकर सरांपासनं काम चालत आलंय, फिल्मवरच्या त्या खरखरीत कातड्यावर, ज्याला शार्कस्किन म्हणतात, आशिष लेले सरांच्या गटानं काम केलंय. पुण्यापर्यंत मुलांची सहल काढाच.

शिळा ऊस ताजा ऊस

मी सातारा जिल्ह्यात साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, धागा प्लास्टिकचा आहे पण आमच्याकडं हाच प्रश्न दर सीझनला उभा राहतो म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

ऊस तोडला की त्याच्या कापलेल्या तोंडातनं ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू आत शिरतात. जळीत ऊस असेल, ट्रॉली गाळपाच्या रांगेत पडून राहिली, त्यात अवकाळी पाऊस झाला, की यांचं फावतं. हे जंतू साखरेचा रेणू फोडतात, त्यातला ग्लुकोज एकाला एक जोडत डेक्स्ट्रानची साखळी करतात आणि फ्रुक्टोज सोडून देतात. म्हणजे डेक्स्ट्रानचा प्रत्येक मणी म्हणजे आपला गेलेला एक साखरेचा रेणू. या साखळीचं वजन लाखांत, कोटींत जातं, आणि तिला बाजूनं फांद्या असतात. जास्त अभ्यासलेल्या जातीच्या जंतूत साधारण ९५ टक्के जोड कण्याचे आणि ५ टक्के फांदीचे, बहुतेक फांद्या एक-दोन ग्लुकोजच्याच.

नुकसान तीन ठिकाणी होतं. एक तर पोल, म्हणजे प्रकाश वळण्यावरनं मोजलेली साखर, खोटा येतो. डेक्स्ट्रान पोलॅरिमीटरमध्ये प्रकाश साखरेच्या तिप्पट उजवीकडं वळवतो, साखर ६६.५ अंश तर डेक्स्ट्रान १९९ च्या आसपास, त्यामुळं रसात साखर आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि नंतर पोत्यात ती सापडत नाही. मग सगळे लॅबकडं बघतात! दुसरं, सिरप आणि मॅसेक्विट (साखरेचे दाणे आणि मळीचं दाट मिश्रण) चिकट होतं, पॅनला (आटवायच्या भांड्याला) वेळ लागतो, वाफ जास्त जाते. तिसरं म्हणजे साखरेचा दाणाच बिघडतो, डेक्स्ट्रान दाण्याच्या काही बाजूंना चिकटून त्यांची वाढ अडवतो, दाणा चौकोनी व्हायचा तर लांबट, सुईसारखा होतो, आणि सेंट्रिफ्यूगलमध्ये त्यातनं मळी नीट सुटत नाही.

आमच्याकडं उपाय म्हणजे तोड ते गाळप वेळ कमी ठेवणं, मिलवर वाफेनं धुणं, बायोसाइड, आणि फारच झालं तर डेक्स्ट्रानेज एन्झाइम, जे साखळी मधनं कापतं. एन्झाइम महाग पडतं. माझं स्पष्ट मत आहे की रांगेतल्या शेतकऱ्याला ताटकळत ठेवण्यात कारखान्याचंच नुकसान आहे, शेतकऱ्याचं तर आहेच.

आता माझा प्रश्न. डेक्स्ट्रानच्या फांद्या तर आखूड, मग दाणेवाल्या दादांच्या हिशेबानं ते पातळ वाहायला पाहिजे, तसं होत नाही, का?

कुपवाडचा दाणेवाला

काय सुंदर लिहिलंत हो, मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. उत्तर ताईंच्या मुद्द्यातच आहे. तुलना सारख्या वजनाच्या रेणूंची करायची. लाखा-कोटीच्या वजनाची सरळ साखळी तुमच्या रसात पडली असती तर याहून जास्त घट्ट झालं असतं. डेक्स्ट्रान त्याच्या वजनाच्या मानानं आटोपशीरच आहे, पण वजन एवढं प्रचंड की तरी जाणवतं, त्यात तुमचं सिरप साखरेनं आधीच दाट, आटत गेलं की गर्दी वाढतच जाते. आणि आखूड फांद्यांमुळं त्याचं द्रावण हलवण्याच्या वेगानं फारसं पातळ-घट्ट होत नाही, एलडीसारखं ते वागत नाही. तुम्ही पंपाचा वेग बदलून त्याला पातळ करू शकत नाही, कापायलाच लागतंय, म्हणून एन्झाइम.

कराडची रसायनवाली

मिरजेच्या डॉक्टर मंडळींना हेच डेक्स्ट्रान बाटलीत माहीत असणार. डेक्स्ट्रान ४० आणि ७०, म्हणजे वजन ४० हजार आणि ७० हजार, रक्ताचं आकारमान भरून काढायला शिरेतनं देतात. लहान करून घेतलेला आटोपशीर रेणू असल्यानं ते चालतं.

म्हैसाळचं पाणी

मला केमिस्ट्री कळत नाही पण वाहण्याचं कळतं, आमची नदीपासनं रानापर्यंत पाइपलाइन आहे आणि लाइटबिल बघून जीव जातो. कुठंतरी वाचलेलं की पाण्यात चिमूटभर पॉलिमर टाकलं की पाइपातलं घर्षण निम्म्यावर येतं. खरं आहे का हे, आणि आम्हाला वापरता येईल का?

कुपवाडचा दाणेवाला

खरं आहे. टॉम्स नावाच्या माणसानं १९४८ ला हे मांडलं, त्याच्याच नावानं टॉम्स इफेक्ट म्हणतात. दहा लाखात काही भाग एवढं पॉलिमर, आणि खळबळत्या प्रवाहात घर्षण ७०-८० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. पाण्यात भोवरे तयार होताना लांब रेणू ताणले जातात, ताणलं की घट्ट, तिथंच भोवऱ्याची ताकद मोडते. अलास्काच्या मोठ्या तेलाच्या पाइपलाइनमध्ये १९७९ पासनं असा माल सोडतात.

पण रानातल्या पाइपलाइनला मी नको म्हणेन, आणि कारणं सांगतो. लांब सरळ साखळी पंपाच्या पंख्यात मधोमध तुटते, तुटली की परिणाम संपला, म्हणजे पंपाच्या पुढं सारखं सोडत राहायला पाहिजे. हाताच्या, फांद्यांच्या साखळ्या जास्त टिकतात, आयआयटी खरगपूरला आर. पी. सिंग यांनी ग्वार गमवर पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या फांद्या लावून नेमकं यावर काम केलं, तरी तो खर्च आणि ते रोजचं रानात जाणारं रसायन आपल्याला परवडायचं नाही. तेलवाल्यांचं तेल आत-बाहेर मोजलेलं असतं, आपलं पाणी मुळाशी जातं. त्यापेक्षा पाइपचा व्यास एक साइज वाढवा, बेंड कमी करा, फूट व्हॉल्व्ह साफ ठेवा. व्यास थोडा वाढला तरी घर्षण खूप उतरतं, तिथं पैसा घाला.

म्हैसाळचं पाणी

आभारी आहे दादा. पाइप बदलायचाच विचार होता, आता करून टाकतो.

गुऱ्हाळ शिराळा

आमच्यात गुऱ्हाळावर रानभेंडीचं खोड-मुळं ठेचून पाण्यात घालतात, ते चिकट पाणी उकळी यायच्या आधी रसात वततात, मग मळी वर येती ती झाऱ्यानं काढायची. भेंडी घातली नाही तर गूळ काळा पडतोय. ते बी असंच काही हाय का?

कुपवाडचा दाणेवाला

असंच हाय. भेंडीच्या चिकटात पेक्टिनच्या जातीच्या लांब साखळ्या असतात, कण्याला बाजूनं गॅलॅक्टोजच्या साखळ्या फुटलेल्या. एकच रेणू मातीच्या, मेणाच्या, प्रथिनाच्या चार-पाच कणांना एकदम धरतो, कण गोळा होतात आणि वर येतात. पाणी शुद्ध करायच्या प्लँटमध्ये हेच काम विकतच्या पॉलिमरनं करतात. एकच सांगतो, भेंडीचं पाणी घातल्यावर जोरात ढवळत बसू नका, धरलेले गोळे फुटतात. सुरुवातीला नीट मिसळलं की मग निवांत तापू द्या.

गुऱ्हाळ शिराळा

आमचा गुळव्या बी हेच सांगतोय, ढवळायचं न्हाई म्हणून.

रात्रपाळी

दादा शेवटचं. मालक आता रीप्रोसेस (भंगार वितळवून परत केलेला) दाणा घालायला लागलेत एलएलडीत. लॅबवाला म्हणतो एमएफआय कमी झालाय म्हणजे माल घट्ट, बबल चांगला बसंल. बसतोय पण खरंच, पण फिल्मवर बारीक डोळे दिसायलेत.

कुपवाडचा दाणेवाला

पॉलिथिलीन परत परत एक्स्ट्रूडरमधनं (स्क्रूच्या मशीनमधनं) काढलं की साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, म्हणजे एलएलडीतच नवीन लांब फांद्या तयार होतात, म्हणून एमएफआय उतरतो आणि बबल बसल्यासारखा वाटतो. पॉलिप्रॉपिलीनमध्ये उलटं, तिथं साखळ्या तुटतात आणि एमएफआय चढतो, म्हणून दोन्हीचा भंगार एकत्र करू देऊ नको. जोडाजोड जास्त झाली की जाळं तयार होतं, ते वितळतच नाही, तेच तुला डोळे दिसतायत. त्याला जेल म्हणतात, ते स्क्रीन पॅकनं (गाळायच्या जाळीनं) थोडेफार अडतात पण संपत नाहीत.

लॅबवाल्याला सांग, त्याच मशीनवर २१.६ किलोचं वजन लावून दुसरं माप घ्यायचं आणि दोन्हीचा रेशो काढायचा. नव्या एलएलडीत तो २५-३० च्या आसपास येतो, एलडीत बराच वर. रीप्रोसेस मालात रेशो चढत चाललाय असं दिसलं तर फांद्या वाढतायत असं धरा आणि त्या लॉटचं प्रमाण निम्मं करा. रेशो मोठ्या-छोट्या साखळ्यांच्या मिश्रणानंही वाढतो, एचएम जातीच्या पॉलिथिलीनमध्ये तसंच असतं, त्यामुळं तुलना एकाच जातीच्या मालात करायची. आणि बॅरलचं तापमान किती आहे तुमच्याकडं? २२० च्या वर असेल तर आधी ते खाली आणा, जेल तिथंच जास्त होतात.

रात्रपाळी

मधल्या झोनला २३० हाय. आज पाळीला गेल्यावर उतरवतो, आणि मालकांना हा धागा दाखवतो.